व्हेरी हार्डली

बाईंनी टेबलावर कोपर टेकवलं आणि ते तिथेच चिकटलं. सोडवून घेताना चिकटपट्टी उकलावी तसा आवाज झाला. टेबलावरच्या मेणकापडावर कुणाचं तरी सकाळचं दूध सांडून वाळलं होतं. त्यात बिस्किटांचा चुरा रुतला होता आणि त्या चुऱ्यावर एक माशी पाय चोळत बसली होती. बाईंनी पर्समधून रुमाल काढून कोपर पुसलं. तो परत पर्समध्ये ठेवावा की टाकून द्यावा, यावर क्षणभर विचार केला आणि शेवटी दोन बोटांत धरून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"हं, कुठे होतो आपण?"

"फेड!" समोरच्या बाकांवरून सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या.

वृद्धाश्रमाच्या जेवणघरात, जेवणं आटोपल्यावर, हा वर्ग भरायचा. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेलेला. समोर बसायच्या त्या इथल्या आया. आत खाटांवर पडलेल्या म्हाताऱ्या माणसांची मुलं दूरदेशी होती. त्यांतल्या कित्येकांच्या सुनांना, जावयांना, नातवंडांना इथली भाषा येत नव्हती. ती मंडळी फोनवर चेहरा बघायला मागत आणि इंग्रजीत विचारत, कशी आहे तब्येत? त्यावर आयांनी काय म्हणायचं, ते शिकवायला बाईंना बोलावलं होतं. म्हणून क्रियापदाचं तिसरं रूप चाललं होतं. वॉश, वॉश्ड, वॉश्ड. फीड, फेड, फेड.

"आजींना जेवू घातलंय. शी इज?"

"फेड!"

एवढ्यात दारातून आधी अत्तराचा दर्प आला आणि मागोमाग साहेब आले. वृद्धाश्रमाचे मालक. सगळे त्यांना साहेब म्हणत. बाई मनातल्या मनात अत्तरसाहेब म्हणत.

"बाई, एक विनंती होती," ते म्हणाले. "नुसतं फेड नको. गोठ्यात वैरण टाकल्यासारखं वाटतं ते. आणि नुसतं वॉश्ड म्हणजे धोब्याकडची चादर. त्याच्या आधी काहीतरी लावा ना. जरा वजन यायला पाहिजे. ऐकणाऱ्याला कसं गार वाटलं पाहिजे."

खोटं कशाला बोला, बाईंना ती सूचना आवडली. क्रियाविशेषण हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. त्यांनी फळा पुसला आणि नव्याने लिहिलं. वेल फेड. फ्रेशली वॉश्ड. नीटली ड्रेस्ड. लव्हिंगली केअर्ड फॉर.

"आपण कसं म्हणतो, 'नुकतीच न्हालेली'? 'नुकतीच' आधी येतं, 'न्हालेली' नंतर. इंग्रजीतही तसंच. तिसऱ्या रूपाच्या आधी हा शब्द येऊन बसतो आणि काम कसं झालंय ते सांगतो. फ्रेशला 'ली' लावा, फ्रेशली. नीटला 'ली' लावा, नीटली."

"बाई, नीट तर आपलंच आहे की!" पुढच्या बाकावरून भिंगरी म्हणाली आणि सगळा वर्ग खिदळला.

या खाटेवरून त्या खाटेकडे दिवसभर गरगरत असायची म्हणून ती भिंगरी. तिचं खरं नाव कुणी घेतलेलं बाईंनी ऐकलं नव्हतं. वर्गात सगळ्यांत चटपटीत तीच.

"आणि गुडला 'ली' लावायचं का?"

"नाही. गुडचं वेल होतं."

"का?"

"का ते विचारायचं नाही. इंग्रजी आहे ते."

पुन्हा हशा पिकला. साहेबही हसले. बाईंना वाटलं, शाळेतसुद्धा असा वर्ग कधी रंगला नव्हता.

वर्ग सुटल्यावर त्या हात धुवायला गेल्या, तर जेवणघरातल्या नळाला पाणी नव्हतं. एका आयाने आतली मोरी दाखवली. तिकडे जायचं तर बायकांच्या खोलीतून जावं लागे. बाई इतके दिवस येत होत्या, पण जेवणघराच्या पलीकडे त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. टाकायची वेळ आली नव्हती, असं त्या स्वतःला सांगत.

खाटांच्या आधी वास पोचला. मुताचा, फिनेलचा आणि त्या दोन्हींखाली दबलेला आणखी कशाचा तरी गोडसर, नासका वास. बाईंनी पदर नाकाला लावला. खिडकीजवळच्या खाटेवर एक आजी पडल्या होत्या. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती, हे बाईंना वर्गातल्या वाक्यांमुळेच ठाऊक होतं. 'आजींना जेवू घातलंय' मधल्या आजी त्या ह्याच. केस एका अंगाला दबून, गुंतून त्यांचा नमदा झाला होता. मानेच्या घडीत काळी रेघ बसली होती. ओठांच्या कोपऱ्यात दूध वाळून त्याची पापडी धरली होती, आणि हाताची नखं इतकी वाढली होती की मूठ वळल्यावर ती तळव्यात रुतत असणार. गादीवरचं रबर मधोमध पिवळं पडून तडकलं होतं.

डोळे मात्र उघडे होते आणि ते बाईंकडे बघत होते. बाईंनी मान फिरवली.

"बाई, जरा बाजूला व्हा हं, फोनमध्ये याल."

भिंगरी आली होती. तिच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात घडी घातलेली जांभळी शाल. खोलीतली तेवढी एकच वस्तू स्वच्छ होती. तिने शाल झटकून आजींच्या हनुवटीपर्यंत ओढली, बोटं पाण्यात बुडवून कपाळावरचे केस तेवढे चापून बसवले, अंगठ्याने ओठावरची पापडी खरवडून काढली आणि चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. सगळं इतक्या झटपट, की बाईंना बघत राहावंसं वाटलं आणि त्याच वेळी ओकारीही आली.

फोनमध्ये एक परदेशी तरुणी दिसू लागली. आजींची सून. तिने विचारलं, मॉम कशी आहे?

"शी इज फ्रेशली वॉश्ड, मॅडम," भिंगरी म्हणाली. "वेल फेड. लव्हिंगली केअर्ड फॉर."

एकही चूक नव्हती. 'फ्रेशली'तला 'श' तिने बाईंसारखाच किंचित लांबवला होता. बाईंना आपलाच आवाज त्या घाणीतून उठून येताना ऐकू आला.

फोन बंद झाला. भिंगरीने शाल काढली, घडी घातली आणि पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीच्या हनुवटीपर्यंत ओढली.

"आजींना कधी आंघोळ घातलीस?" बाईंनी विचारलं.

"आजींना?" भिंगरी खरोखरच आठवू लागली. "रविवारी. पण कुठल्या रविवारी ते नका विचारू. पाणी चढतच नाही बाई इथे. आणि या खोलीला आम्ही दोघीच, कुणाकुणाला पुरणार?"

"मग फ्रेशली कशाला म्हणालीस?"

"तुम्हीच तर शिकवलंत," भिंगरी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

त्या तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी उठून खुर्ची पुढे केली, सगळं ऐकून घेतलं, मधूनमधून मान डोलावली. बोलणं संपल्यावर त्यांनी टेबलाच्या खणातून सुवासिक फवाऱ्याचा डबा काढला आणि दोघांच्या मधल्या हवेत दोनदा फुसफुस केलं.

"तुम्हाला सवय नाही, म्हणून त्रास झाला. होतं असं पहिल्यांदा," ते म्हणाले. "बाई, स्वच्छता माझा विषय. भाषा तुमचा. आपण एकमेकांच्या ताटात हात घालायचा नाही."

बाईंना खूप काही बोलायचं होतं. पण तोंड उघडलं तर तो वास आत जाईल, अशी काहीतरी भीती वाटून त्या मूग गिळून उठल्या.

घरी आल्यावर त्यांनी आंघोळ केली आणि थोड्या वेळाने परत केली. नवरा दारात उभा राहून बघत होता.

"काय गं, कुठे पडून आलीस?"

बाईंनी सांगितलं.

"मग सोडून दे. आपल्याला काय नडलंय?"

"सोडणारच आहे."

"आजच का नाही सोडलंस?"

बाई केस पुसत राहिल्या. केसांना अजून तो वास येत होता की नुसता भास होता, ते कळत नव्हतं. 'लव्हिंगली' हा शब्द मात्र तोंडात केसासारखा अडकला होता. काढू म्हटलं तरी निघत नव्हता.

पुढच्या खेपेला त्या गेल्या त्या हात झटकून मोकळं व्हायला. साहेब खोलीत नव्हते. बायकांच्या खोलीत आहेत, असं कळलं. बाई दारापर्यंत गेल्या. आजींच्या खाटेपाशी भिंगरी फोन धरून उभी होती. फोनमध्ये दिसणार नाहीत अशा बेताने साहेब तिच्या मागे हाताची घडी घालून उभे होते. आज जातीने परीक्षा चालली होती. जांभळी शाल जागेवर होती.

"हाउ इज मॉम टुडे?" सुनेने विचारलं.

"शी इज..." भिंगरी अडली. साहेब खाकरले. "शी इज हार्डली वॉश्ड, मॅडम."

बाई उंबऱ्यातच थबकल्या. हार्ड म्हणजे कष्टाने, जोर लावून. पण त्याला 'ली' लावलं की शब्द पार उलटा फिरतो. हार्डली वॉश्ड म्हणजे धुतलं न धुतल्यासारखं. जवळजवळ धुतलेलंच नाही. बाईंनी घसा साफ केला. चूक ऐकली की ती दुरुस्त करायची, ही त्यांची सवय हाडीमाशी खिळलेली होती.

फोनमधली सून पुढे झुकली. "हार्डली?"

भिंगरीने वर पाहिलं. तिची नजर साहेबांवर नाही, नेमकी दारातल्या बाईंवर येऊन थांबली. त्या नजरेत बाईंना जे दिसायला हवं होतं, ते दिसलं.

"यस मॅडम," भिंगरी ठासून म्हणाली. "व्हेरी हार्डली. हार्डली फेड ऑल्सो."

मग सुनेने थँक यू म्हटलं, अगदी हळू, आणि चेहरा गेला.

"बाई, बरं झालं आलात," साहेब म्हणाले. ते खुशीत होते. "हा शब्द नवा ऐकला. हार्डली म्हणजे चांगलं घासूनपुसून, असंच ना?"

उभ्या आयुष्यात बाईंनी व्याकरणाची चूक कुणाची खपवून घेतली नव्हती. शाळेच्या मुख्याध्यापकांनासुद्धा त्यांनी भर सभेत टोकलं होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "अगदी जोर लावून."

"व्वा! मग सगळ्यांनाच शिकवा हा."

राजीनाम्याचं बोलायचं राहूनच गेलं. घरी जाताना बाईंना जरा हलकं वाटत होतं. त्या पोरीच्या अंगात एवढी धमक असेल असं वाटलं नव्हतं. मालक पाठीमागे उभा, नोकरी टांगणीला, आणि हिने त्याच्या नाकासमोर खरं सांगून टाकलं!

त्या आठवड्यातच सून आली. वर्ग चालू असताना बाहेर गाडी थांबली आणि एक उंच बाई, प्रवासात चुरगळलेल्या कपड्यांनिशी, खांद्यावर पिशवी घेऊन सरळ आत शिरली. मागून तिचा नवरा, आजींचा मुलगा. "अगं थांब, निदान विचारून तरी..." असं तो आपल्या भाषेत म्हणत होता. तिला ती भाषा येत नव्हती. येत असती तरी ती थांबली नसती.

तिने एक एक चेहरा बघत आजींची खाट शोधली. त्या दिवशी शाल नव्हती. सुनेने पांघरूण उचललं. क्षणभर तशीच उभी राहिली, मग धावत पॅसेजमध्ये आली आणि तिथल्या बादलीत भडभडून ओकली. आया दारात जमल्या होत्या. बाईंना वाटलं, आता ही आरडाओरडा करेल, किंवा बाहेर जाऊन गाडीत बसेल. सुनेने बाहीने तोंड पुसलं, बाह्या वर सारल्या आणि पुन्हा आत गेली.

"हॉट वॉटर," ती म्हणाली.

एवढं इंग्रजी सगळ्यांनाच कळलं. आया पळाल्या.

मुलगा उंबऱ्यापाशी भिंतीकडे तोंड करून उभा होता, रुमालात नाक खुपसून. बाईंच्या लक्षात आलं की आपणही पदर नाकाशी धरलाय. त्यांनी तो कमरेला खोचला. आत जाऊन तांब्या उचलला आणि सून सांगेल तसं पाणी ओतायला लागल्या. पहिलं पाणी काळं गेलं. दुसरंही काळंच. पाठीवर पडून पडून झालेली जखम उघडी पडली तेव्हा सुनेच्या तोंडून एक शब्द निघाला, तो बाईंनी शाळेत कधी शिकवला नव्हता. बाईंना दोनदा उमासा आला, दोनदा त्यांनी तो गिळला. आजी डोळे मिटून होत्या. गरम पाणी मानेवरून उतरलं तेव्हा त्यांच्या घशातून बारीक आवाज आला, आणि सून हात थांबवून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

संध्याकाळच्या आत सून आजींना घेऊन निघाली. कुणाचीही सही न घेता, तिने त्यांना सरळ उचलून गाडीत निजवलं. साहेब फाटकापर्यंत मागे मागे जात होते आणि मुलाला काहीबाही समजावत होते. मुलगा मान हलवत होता. सुनेने काच वर केली.

साहेब परत आले ते हातात फोन घेऊन. त्यावर त्यांनी शब्द शोधून काढला होता.

"हार्डली," त्यांनी वाचून दाखवलं. "तुम्ही मला सांगितलंत, जोर लावून."

"सांगितलं."

"ती आया अडाणी आहे, तिला काय कळतंय? तिला मी काही बोलत नाही. पण तुम्ही शिकल्यासवरल्या." ते जवळ आले. अत्तराच्या खालून खोलीतला तोच नासका वास त्यांच्याही कपड्यांना येत होता. इतक्या दिवसांत बाईंना तो पहिल्यांदाच जाणवला. "उद्यापासून येऊ नका."

"येणारही नव्हते," बाई म्हणाल्या आणि पर्स घेऊन निघाल्या.

फाटकाबाहेर त्या थोड्या अंतरावर गेल्या असतील, मागून चपलांचा फटफट आवाज आला. भिंगरी धावत येत होती.

"बाई, माझ्यामुळे झालं का हो हे? मी काय चुकीचं बोलले?"

"चुकीचं?" बाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वेडी आहेस का तू? केवढं धाडस केलंस! मला तर खरंच..."

"कसलं धाडस?"

"हार्डली वॉश्ड म्हणालीस ते."

"ते होय!" भिंगरीचा चेहरा खुलला. "साहेब मागे उभे होते ना. म्हटलं, नुसतं फ्रेशली काय, नेहमीचंच झालंय. मॅडमना वाटलं पाहिजे की चांगली खसाखसा घासलीये. तुम्हीच म्हणालात ना, शब्दाला 'ली' लावायचं? मग हार्डला लावलं. मॅडमना कळेना, म्हणून व्हेरी पण लावलं. तुमच्याकडे बघितलं मी, तुम्ही काही बोलला नाहीत. म्हटलं, बरोबर असणार."

बाईंनी रस्त्याच्या कडेच्या खांबावर हात टेकला. एवढे दिवस जी पोर त्यांनी मनात उंच नेऊन ठेवली होती, ती समोर उभी होती, घामाघूम, नखांत काळं साचलेली, आणि खोट्याला आणखी जरा जाड मुलामा देता आला म्हणून खूश. मग त्यांनी, वर्गात सांगत तितक्याच सावकाश, हार्डलीचा खरा अर्थ सांगितला.

भिंगरी ऐकत होती. ऐकता ऐकता तिचं हसू हळूहळू विरलं. ओठ हलत होते, मनात शब्द उलटसुलट लावून बघितल्यासारखे.

"म्हणजे," ती शेवटी म्हणाली, "मी धुतलंच नाही, असं म्हटलं?"

"हो."

"जेवायला पण धड दिलं नाही, असं?"

"हो."

"आणि तेवढं ऐकून त्या एवढ्या लांबून आल्या?"

भिंगरी वळून वृद्धाश्रमाच्या इमारतीकडे बघत राहिली. आतून कुणीतरी तिला हाक मारत होतं. ती हलली नाही.

"बाई, वर एक बाबा आहेत," ती म्हणाली. "त्यांची नात फोन करते. लहान आहे, शाळेतली. तिला आपलं काही कळत नाही." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "बांधून ठेवलं असेल, तर इंग्रजीत काय म्हणायचं?"

बाईंना आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला.

"टाइड," त्या म्हणाल्या.

"त्याच्या आधी काय लावायचं?"

"काही नाही लावलंस तरी चालतं."

"ही इज टायर्ड."

"टायर्ड नाही. टायर्ड म्हणजे दमलेले. ती म्हणेल, झोपू देत." बाईंनी पर्स काखेत घट्ट धरली, पुढे होऊन भिंगरीची दोन्ही मनगटं एकत्र केली आणि आपल्या मुठीत आवळून धरली. "टाइड. मध्ये 'र' नाही. जीभ उचलूच नकोस. हं, म्हण."

"टाइड."

"पुन्हा."